रोव्हर ते अ‍ॅमस्टरडॅम : एपिकाच्या गावांमधून

गुरुवार : रोव्हर

आधीच सांगून टाकते, या प्रवासात मी एपिका या डच सिम्फॉनिक मेटल बँडला स्टेजवर पाहिलं नाही. मी नेदरलँड्समध्ये होते त्या आठवड्यात मंडळी दुसऱ्या खंडात दौऱ्यावर होती. मला पाहायची होती ती त्यांची गावं. सहा जणांचा बँड, मोठ्या मैफलींना मागे अख्खा वाद्यवृंद नि कॉयर, लॅटिनमधली समूहगीतं, मधोमध ऑपेराच्या तालमीतला बाईचा आवाज आणि त्याला छेद देणारी पुरुषी गुरगुर. हा एवढा जामानिमा ज्या डोक्यातून निघाला ते डोकं कुठल्या गल्लीत वाढलं, एवढीच उत्सुकता.

आइंडहोव्हनला लागून असलेल्या व्हेल्डहोव्हनला माझा मावसभाऊ राहतो. चिप बनवायच्या यंत्रांच्या कारखान्यामुळे तिकडे आता आपली माणसं भरपूर आहेत. दादाला बँड माहीत होता, गाव नव्हतं.

"रोव्हर? तिथे काय आहे?"

"काही नाही. तेच बघायचंय."

"तुम्हा भावंडांचं काही कळत नाही बाई," म्हणत वहिनीने धपाटे बांधून दिले. लिम्बर्ग प्रांतात खायचे हाल होतात अशी तिची ठाम समजूत आहे. ती किती चुकीची ते शुक्रवारी कळलं, पण धपाटे गुरुवारी दुपारीच संपले होते.

रूरमोंडला मोठी गाडी सोडून छोट्या डिझेल गाडीत बसायचं. ही मास नदीच्या काठाकाठाने उत्तरेला जाते. मार्ग बराचसा एकेरी, त्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत स्टेशनात ताटकळणं आलंच. उतरल्यावर समोर सायकली, एक मुख्य रस्ता, बेकरी, केशकर्तनालय, चर्चचं टोक. मे महिना होता. रस्त्याकडेला एका घरासमोर पांढऱ्या शतावरीच्या जुड्या मांडलेल्या, शेजारी पैसे टाकायचा डबा, राखायला कुणी नाही. पश्चिमेला नदी आणि पूर्वेला काही किलोमीटरवर जर्मनी. गाव पाहून व्हायला फार वेळ लागला नाही.

१९९५ मध्ये इथल्या पोरांनी 'अपोकॅलिप्स' नावाचा बँड काढला आणि दुसऱ्यांची डेथ मेटल गाणी वाजवायला सुरुवात केली. त्यात सांडर खोमान्स होता आणि सोळा वर्षांचा मार्क यान्सन होता. पुढे नाव बदलून 'आफ्टर फॉरेव्हर' झालं. १९९७ मध्ये टिलबर्गजवळच्या खोर्ले गावची फ्लोर यान्सन गायला आली, तीही सोळाचीच. फ्लोर आल्यावर गुरगुरीच्या जोडीला उंच, मोकळा स्त्रीस्वर आला आणि त्यामागोमाग कॉयर, व्हायोलिनं, लॅटिन. 'प्रिझन ऑफ डिझायर' २००० चा, 'डिसायफर' २००१ चा. हे दोन अल्बम ऐकले की एपिका आभाळातून पडला नाही हे कळतं. (मार्क यान्सन, फ्लोर यान्सन, एपिकाचा कीबोर्डवाला कून यान्सन, कुणीच कुणाचं नातेवाईक नाही. यान्सन म्हणजे तिकडचे पाटील-कुलकर्णी समजा.)

२००२ च्या एप्रिलमध्ये मार्कला या बँडमधून जावं लागलं. कारण संगीताच्या दिशेवरून मतभेद. त्याला वाद्यवृंदाचं अंग वाढवायचं होतं, बाकीच्यांना तितकं नको होतं. स्वतःच उभ्या केलेल्या बँडमधून तेविशीत बाहेर. त्याने त्याच वर्षी नवा बँड उभा केला, 'सहारा डस्ट' या नावाने, आणि आफ्टर फॉरेव्हरमध्ये सुरू केलेली एक गीतमालिका सोबत नेली. धर्मसंस्था माणसाला कसं गुदमरवते हा तिचा विषय. ती मालिका एपिकाच्या पहिल्या अल्बममध्ये पुढे सरकली आणि २००७ मध्ये 'द डिव्हाइन कॉन्स्पिरसी'त संपली. लिम्बर्ग हा देशाचा कॅथलिक टोकाचा भाग. शेताच्या बांधावर क्रूस, चौकात मेरीची देवळी, मिरवणुका, कार्निव्हल. ज्याच्यावर चिडून गाणी लिहिली त्याच चर्चकडून लॅटिन नि समूहगायन घेतलं, हे मला तिथे उभं राहिल्यावर जास्त ठळक दिसलं. चर्चच्या दारात मी 'क्राय फॉर द मून' कानात लावलं. धर्मगुरूंकडून मुलांच्या होणाऱ्या शोषणावरचं गाणं आहे ते. हे नाटकी वागणं झालं, मान्य आहे, पण इतक्या लांब येऊन तेवढं न करणं मला जमलं नसतं.

खरी गंमत संध्याकाळी झाली. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून दुसऱ्या रस्त्याने निघाले, तर एका बसक्या विटांच्या इमारतीतून ट्युबा ऐकू आला. खिडकीतून डोकावले. चाळीस-पन्नास माणसं, अर्धगोलात खुर्च्या, समोर स्वरलिपीचे स्टँड. बाहेर सिगारेट ओढत उभ्या असलेल्या आजोबांनी "आत या की" अशी खूण केली आणि मला मागच्या भिंतीपाशी एक खुर्ची मिळाली.

याला इकडे 'हार्मोनी' म्हणतात. गावाचा स्वतःचा फुंकवाद्यांचा वृंद. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा, वर तालवाद्यं. नुसती पितळी वाद्यं नि सॅक्सोफोन असतील तर त्याला 'फानफारं' म्हणायचं. लिम्बर्गमध्ये गावागावात यातलं एक तरी असतंच, काही ठिकाणी दोन, आणि मग त्या दोघांचं आपसात पटत नाही. वाजवणारे हौशी, पण मार्गदर्शक पगारी आणि शिकलेला. त्या संध्याकाळी चित्रपटसंगीताचा एक गुच्छ बसवणं चाललं होतं. माझ्या अगदी पुढ्यात तालवाद्यांच्या रांगेत बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोठ्या झांजा घेऊन उभा होता. त्याला वाजवायचं काहीच नव्हतं. तो ओठांतल्या ओठांत मात्रा मोजत होता. किती तरी आवर्तनं गेली. मधेच मार्गदर्शकाने थांबवलं, मागून सुरू केलं, याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. शेवटी एकदाची ती जागा आली, त्याने झांजा उघडल्या, एक घाव घातला, छातीशी धरून लगेच आवाज मारला. मग परत मोजणी. समोरच्या हॉर्नवाल्या बाईंनी नळीतली थुंकी जमिनीवरच्या फडक्यावर झटकली नि त्याला डोळा मारला.

मला एपिकाचा दुसरा अल्बम आठवला, २००५ चा 'कन्साइन टू ऑब्लिव्हियन'. विषय मायन संस्कृतीचा, पण बांधणी सरळ चित्रपटसंगीताची. हान्स झिमर आणि डॅनी एल्फमन यांचा प्रभाव बँड स्वतःच सांगतो. त्याच वर्षी त्यांनी 'जॉयराइड' या डच चित्रपटासाठी गिटार-ड्रमशिवायचं पार्श्वसंगीतही केलं. मार्क अशा वृंदात कधी वाजवत होता असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की ज्या प्रांतात पोरगं बाराव्या वर्षी पन्नास जणांच्या ध्वनीच्या मध्ये उभं राहतं, तिथे "आपल्या गाण्यात एक ऑर्केस्ट्रा टाकू" ही कल्पना वेडगळ वाटत नाही.

तालमीनंतर बिअर. आजोबांना मी का आले ते सांगितलं. "मेटल म्हणजे गोंगाट," ते म्हणाले, "पण हॉर्न नीट लिहिलेले असतात त्यांचे."

शुक्रवार : हून्सब्रूक, केर्कराडे

रात्र रूरमोंडला काढली आणि सकाळी दक्षिणेची गाडी पकडली. हून्सब्रूक हे सिमोन सिमन्सचं जन्मगाव. जन्म १७ जानेवारी १९८५. स्टेशनवरून चालत किल्ल्यापर्यंत गेले. खंदकाच्या पाण्यात उभा असलेला मोठा जुना किल्ला, त्यात आता संग्रहालय. एपिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल असा. पण हे गाव किल्ल्याचं कमी नि कोळशाचं जास्त. या पट्ट्यात सरकारी आणि खाजगी खाणी होत्या. १७ डिसेंबर १९६५ ला मंत्री योप डेन आउल यांनी हेरलेनच्या नाट्यगृहात येऊन खाणी बंद करण्याची योजना जाहीर केली, आणि १९७४ संपता संपता शेवटची खाण बंद झाली. हजारो लोकांची रोजी गेली. आज वर काही दिसत नाही. टेकड्या दिसतात त्यातल्या काही खाणीच्या टाकाऊ दगडमातीच्या, त्यांवर झाडं वाढलीत. शेजारच्या लांडग्राफमध्ये तर अशाच एका टेकडीवर बंदिस्त बर्फाचा स्कीइंग हॉल आहे, नि त्याच गावात दरवर्षी पिंकपॉप हा देशातला मोठा संगीतमहोत्सव भरतो.

सिमोन दहाव्या वर्षी बासरी शिकायला लागली, चौदाव्या वर्षी पॉप गायन. मग फिनलंडच्या नाइटविश या बँडचा १९९८ चा 'ओशनबॉर्न' तिच्या हाती पडला आणि तिने शास्त्रीय पाश्चात्त्य गायनाची शिकवणी धरली. मार्कच्या नव्या बँडमध्ये मुख्य गायिका म्हणून आधी नॉर्वेची हेलेना इरेन मिकाएलसेन होती. सिमोन कॉयरमध्ये उभी राहणार होती. हेलेना लवकरच बाहेर पडली आणि सतरा वर्षांची ही मुलगी पुढच्या माइकवर आली. नावही बदललं. कॅमेलॉट या अमेरिकन बँडच्या अल्बमवरून 'एपिका' घेतलं.

पहिला अल्बम 'द फँटम अ‍ॅगनी' जून २००३ मध्ये आला तेव्हा ती अठराची. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गला साशा पेट या निर्मात्याच्या हाताखाली ध्वनिमुद्रण झालं. कॅमेलॉटचे अल्बमही तोच करायचा. या अल्बमवर सिमोनचा आवाज जवळजवळ सतत ऑपेराच्या पद्धतीने लागतो. तोंड गोल, कंप ठेवून, स्वर टाळूत वर चढवलेला. मेझो-सोप्रानो, म्हणजे फार टिपेला न जाणारा, मधल्या पट्टीत गरम असणारा आवाज. ऑपेरात आवाज असा कमवायचा कारण तिथे माइक नसतो, साठ वाद्यांच्या वर तो शेवटच्या रांगेत पोचवायचा असतो. मेटलमध्ये माइक हातातच असतो. मग त्या मेहनतीतून उरतो तो आवाजाचा रंग आणि लांब दम. हे सिमोनला फार लवकर उमगलं असावं. पुढच्या प्रत्येक अल्बममध्ये ती ऑपेरा कमी नि साधा, बोलण्याजवळचा आवाज जास्त वापरत गेली, आणि ऑपेरा शिखरासाठी राखून ठेवला. जुने चाहते यावर नाक मुरडतात. मला विचाराल तर तिथूनच ती नाइटविशच्या सावलीतून बाहेर आली.

दुपारी बसने केर्कराडे. तिथे १९५१ पासून फुंकवाद्यवृंदांची जागतिक स्पर्धा भरते, दर चार वर्षांनी. कालच्या आजोबांनी तिचं नाव घेताना आवाज खाली आणला होता. गावाजवळ रोलड्यूकचा मठ आहे, ११०४ मध्ये स्थापन झालेला. आत तळघरातल्या प्रार्थनास्थळात शिरून मी घसा साफ केल्यासारखं करून हळूच एक षड्ज लावला. दगड स्वर धरून ठेवतात तिथे, सोडतच नाहीत. गाइडबाई वळून बघायला लागल्या म्हणून आवरलं. मग चालत चालत जर्मनीत जाऊन आले. या गावात सरहद्द म्हणजे एक रस्ता आहे, एका फुटपाथला एक देश नि समोर दुसरा.

खाण्याचं सांगायचं राहिलं. लिम्बर्गचा 'फ्लाय' मिळतो, यीस्टच्या पिठाच्या पातळ खोलगट बुडात सारण भरून भाजलेला. चेरीचा, जर्दाळूचा, आणि एक तांदळाचा. तांदळाचा म्हणजे घट्ट आटवलेली खीर भरलेला, वर पिवळसर साय धरलेली. वेलदोडा नाही एवढीच तक्रार. मी दोन तुकडे खाल्ले नि वहिनीसाठी अख्खा बांधून घेतला.

शनिवार : टिलबर्ग

टिलबर्गला दादा सोबत आला. ०१३ नावाचा हॉल बघायचा होता. ०१३ हा या शहराचा टेलिफोनचा कोड. १९९८ मध्ये उघडला. बाहेरची भिंत काळ्या रबराची, गादीसारखी फुगीर, आणि जिथे टाके असायला हवेत तिथे सीडी ठोकलेल्या. ऊन आलं की एकेक चकती चमकते.

डिसेंबर २००२ मध्ये एपिकाचा पहिला कार्यक्रम इथे झाला. इंग्लंडचा अ‍ॅनाथेमा हा बँड मुख्य, आणि त्याच्या आधी ही पोरं. अल्बम बाहेर यायला अजून सहा महिने होते. वीस वर्षांनी, ३ सप्टेंबर २०२२ ला, विसाव्या वाढदिवसाचा कार्यक्रम त्यांनी मुद्दाम इथेच केला.

आता माझ्या मनातला मुद्दा. स्त्रीस्वराच्या डच मेटलचे मोठे बँड घ्या. द गॅदरिंग ओसचा, विदिन टेम्प्टेशन वॅडिंक्सव्हेनचा, डिलेन झ्वोलंचा, आफ्टर फॉरेव्हर रोव्हरचा. अ‍ॅमस्टरडॅमचा एकही नाही. छोटी गावं, मधली शहरं. द गॅदरिंगने १९९५ मध्ये 'मँडिलियन' काढून दार उघडलं, पण त्या दारातून इतके जण आत आले ते इथल्या व्यवस्थेमुळे. प्रत्येक मध्यम शहरात एक 'पॉपपोडियम' असतं, नगरपालिकेच्या अनुदानावर चालणारं, चांगल्या ध्वनियंत्रणेचं. त्यात एक मोठा हॉल, एक लहान. मोठ्यात परदेशी पाहुणे, लहानात गावची पोरं, आणि गावची पोरं बरी असली की पाहुण्यांच्या आधी अर्धा तास. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गाडीने दिवसात जाऊन परत येता येतं, म्हणजे मुक्कामाचा खर्च नाही. एपिकाची पहिली पायरी याच जिन्यातली.

शिवाय शाळा. टिलबर्गलाच १९९९ मध्ये 'रॉक अकॅडमी' सुरू झाली, उच्चशिक्षणाचा रीतसर अभ्यासक्रम, आणि पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांत फ्लोर यान्सन होती. आई-बापांना सांगता येतं, पदवी घेतोय. आफ्टर फॉरेव्हर २००९ मध्ये बंद पडला, फ्लोर पुढे नाइटविशमध्ये गेली, आणि घरी तिचं नाव सर्वतोमुखी झालं ते मेटलमुळे नव्हे, २०१९ च्या एका टीव्ही कार्यक्रमामुळे! दादाच्या ऑफिसातल्या डच मंडळींना फ्लोर ठाऊक आहे, एपिका नाही. दादाला याची फार मजा वाटते. मला राग येतो.

गाडी टिलबर्गहून ब्रेडाच्या दिशेने निघाली की मधे राइयेन लागतं. तिथे योस्ट फान डेन ब्रूकचा स्टुडिओ आहे. हा आफ्टर फॉरेव्हरचा शेवटच्या काळातला कीबोर्डवादक. मार्क बाहेर पडल्यानंतर आलेला. २०१४ च्या 'द क्वांटम एनिग्मा'पासून एपिकाची निर्मिती तोच करतो. म्हणजे ज्या बँडने मार्कला बाहेर काढलं त्याच बँडच्या माणसाकडे तो बारा वर्षांनी गेला, आणि एपिकाचा ध्वनी सुधारला तो तेव्हा. आधीच्या अल्बमांत एक दोष सतत जाणवतो. खाली उतरवलेल्या गिटारी आणि डबल बासचे ड्रम तळ भरून टाकतात, कॉयर मध्य भरून टाकतो, आणि तंतुवाद्यांना जागाच राहत नाही. ती आहेत हे पुस्तिकेत वाचून कळतं. २०१२ चा 'रेक्विएम फॉर द इंडिफरंट' मला याच कारणाने दमवतो. 'क्वांटम एनिग्मा'त खरे तंतुवादक आहेत, आणि ते ऐकू येतात. गिटारने कुठे गप्प बसायचं हे कुणीतरी ठरवलेलं आहे.

रात्री ०१३ च्या लहान हॉलमध्ये एका नव्या स्थानिक बँडचा कार्यक्रम होता, तिकीट दोन बिअरच्या किमतीत. गायिका विशीतली असेल, बूट पिवळे. पहिल्या गाण्यात तिचा मॉनिटर बंद होता, तिला स्वतःचं काही ऐकू येत नसावं. तिने एका कानात बोट घातलं, डोळे मिटले आणि स्वर अचूक लावला. ड्रमरच्या कानात मात्र तार होती. वाद्यवृंद आणि कॉयर लॅपटॉपवरून येत होते, आणि कानात वाजणाऱ्या तालाच्या टकटकीला धरून तो पुढे जात होता. मोठे बँडही असंच करतात. खरा वाद्यवृंद सोबत फिरवणं कुणालाच परवडत नाही. पण लहान हॉलमध्ये ते उघडं पडतं, स्टेजवर पाच माणसं आणि कानात साठ. दादा म्हणाला, "हे म्हणजे फसवणूकच की." मी म्हटलं, उद्या सांगते.

रविवार : आइंडहोव्हन

सकाळी पाऊस. दुपारी स्ट्राइप-एस भागात गेलो. हा पूर्वी फिलिप्सच्या कारखान्यांचा बंद परिसर. आता राहती घरं, कॅफे, स्केटिंग. मधोमध मोठ्या घड्याळाची पांढरी इमारत, क्लोकखेबाउ. २३ मार्च २०१३ ला एपिकाने दहा वर्षांचा सोहळा इथे केला, 'रेट्रोस्पेक्ट' नावाने. या वेळी लॅपटॉप नव्हता. हंगेरीहून सत्तर जणांचा वाद्यवृंद आणि मिश्कोल्त्सच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा कॉयर आला होता.

हंगेरीच का, ही गोष्ट दादाला तिथेच पायऱ्यांवर सांगितली. १४ जून २००८ ला मिश्कोल्त्सच्या ऑपेरा महोत्सवात एपिकाला बोलावलं होतं. चाळीस जणांचा वृंद, तीस जणांचा कॉयर. अर्ध्या कार्यक्रमात त्यांनी व्हेर्दी, ड्वोर्झाक, ग्रीग वाजवले आणि मधे चित्रपटांचं संगीतही. तो कार्यक्रम पुढच्या वर्षी 'द क्लासिकल कॉन्स्पिरसी' म्हणून आला. २००८ मध्येच सिमोन एमआरएसए या चिवट जंतुसंसर्गाने आजारी पडली आणि काही काळ दौऱ्यावर अमांडा समरव्हिल तिच्या जागी गायली. जुना गिटारवादक अ‍ॅड स्लाउटरही बाहेर पडला. बँड तिथे मोडला असता तर आश्चर्य वाटलं नसतं. उलट २००९ मध्ये 'डिझाइन युअर युनिव्हर्स' आला, माझ्या मते त्यांचा सर्वांत भरीव अल्बम, नवा बेल्जियन गिटारवादक इझाक डेलाये घेऊन. सुरुवातीच्या वाद्यवृंदाच्या तुकड्याचं नाव 'समाधी' आहे. पुण्यात इंजिनीअरिंगला असताना हॉस्टेलच्या पेनड्राइव्हमध्ये ते नाव दिसलं म्हणून तर मी फाइल उघडली होती. आत समाधीसारखं काही नाही, सगळं रणकंदन आहे.

तर फसवणूक. माझं म्हणणं असं की लॅपटॉप ही एपिकाची रोजची सोय आहे. पण लिहिलेलं सगळं खऱ्या माणसांना वाजवता येईल असंच लिहिलेलं असतं, आणि वेळ आली की ते वाजवून दाखवतात. रेट्रोस्पेक्टच्या चित्रफितीत व्हायोलिनवाल्या मान हलवताना दिसतात. फ्लोर यान्सन पाहुणी म्हणून येते नि सिमोनसोबत पेर्गोलेसीचं 'स्टाबात मातेर' गाते. दोन्ही आवाज एकमेकांच्या शेजारी ठेवले की फरक कळतो. फ्लोरचा आवाज हॉल ताब्यात घेतो, सिमोनचा हॉलला जवळ बोलावतो. कार्यक्रम तीन तासांच्या आसपास चालतो, आणि खरं सांगायचं तर अर्धा तास कापला असता तरी चाललं असतं. दादाने तेवढ्यात दोन वेळा घड्याळाकडे पाहिलं, समोरच्या इमारतीवरच्या.

सोमवार : अ‍ॅमस्टरडॅम

विमान रात्रीचं, दिवस हाताशी. आधी पॅराडिसो. ही एकोणिसाव्या शतकातली प्रार्थनेची इमारत, १९६८ पासून रॉक-पॉपचा हॉल. स्टेजच्या मागे चर्चच्या उंच खिडक्या तशाच आहेत. पंधराशे माणसं मावतात. २००६ मध्ये एपिका इथे गायला, आणि ते ध्वनिमुद्रण सोळा वर्षांनी बाहेर आलं. धर्मसंस्थेविरुद्धची ती सगळी गाणी चर्चच्या खिडक्यांपुढे. मला आत जाता आलं नाही, दुपारी बंद असतं. दाराशी कालव्याकडे तोंड करून रोडी मंडळी ट्रकमधून पेट्या उतरवत होती, तेवढंच.

मग मेट्रोने फुटबॉलच्या स्टेडियमपाशी, आफास लाइव्ह. साडेपाच-सहा हजारांचा काळा ठोकळा, बाहेर पार्किंग नि फास्ट फूड. सप्टेंबर २०२४ मध्ये 'सिम्फॉनिक सिनर्जी' हा वाद्यवृंदासहित कार्यक्रम त्यांनी इथे केला. दुसऱ्याच्या आधी अर्धा तास ते इथवर, बावीस वर्षांत. मार्क आता सिसिलीत राहतो, सिमोन जर्मनीत. रोव्हरला त्यांच्या नावाची पाटीसुद्धा मला दिसली नाही. २०२५ च्या 'अ‍ॅस्पिरल' या त्यांच्या अल्बमचं पोस्टर मात्र भिंतीवर अर्धं फाटलेलं सापडलं.

वहिनी विमानतळावर सोडायला आली. फ्लाय संपला होता, तांदळाचा तिला आवडला, "वेलदोडा हवा होता" असं तीही म्हणाली. गाडीत तिने पहिल्यांदाच विचारलं, "चार दिवस ज्याच्यामागे फिरलीस ते लाव तरी बघू. पण ती गुरगुर काढून मिळतं का कुठे?"

मिळतं. 'डिझाइन युअर युनिव्हर्स'च्या २०१९ च्या आवृत्तीसोबत अकूस्टिक गाणी आहेत. मी तिला ते सांगितलं नाही. 'क्राय फॉर द मून' लावलं, पावणेसात मिनिटं, गुरगुरीसकट.